तेलगळतीच्या समितीत मच्छीमार हवेत आणि त्यांचा शास्त्रज्ञही : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
तसेच सागरी तेलगळतीच्या आराखड्यात ज्यांच्यावर जबाबदारी आहे ती सर्व खाती, मंडळे आणि बंदरे

सप्रेम नमस्कार.

25 मे 2025 रोजी कोचीजवळच्या समुद्रात एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज बुडाले. त्यावर 640 कंटेनर होते, पैकी 13 मध्ये घातक माल. टाक्यांत 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल. पुढच्या काही दिवसांत थेट तिरुवनंतपुरमच्या पुळणीपर्यंत प्लॅस्टिकचे बारीक दाणे येऊन पडले. केरळने ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि उच्च न्यायालयात 9,531 कोटींचा दावा लावला. हेच जहाज मुंबईच्या प्रोंग्ज दीपगृहासमोर आडवे झाले असते, तर महाराष्ट्रात कोणी, किती तासांत, काय करायचे हे कुठे लिहून ठेवले आहे आणि ते आम्ही कुठे वाचायचे, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

आम्ही म्हणजे सागरी जीवशास्त्र शिकलेले काही जण आणि डोल (प्रवाहात उभे करायचे पिशवीसारखे जाळे), जाळी, गळ यांवर घर चालवणारे काही जण. तेल आले की आमच्यातल्या एका गटाचे पोट जाते, दुसऱ्या गटाकडे लोक उत्तरे मागायला येतात. दोघांनाही ज्या बैठकीत निर्णय होतात तिथे जागा नाही. पत्राचे मूळ कारण एवढेच. बाकी सगळे त्यातून निघते.

मुंबईला हा विषय नवा नाही. 1993 मध्ये मुंबई हाय ते उरण तेलवाहिनी फुटली. 7 ऑगस्ट 2010 रोजी बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 यांची टक्कर झाली. चित्राच्या टाक्यांत 2,600 टनांहून अधिक इंधन होते, त्यातले सुमारे 800 टन समुद्रात गेले. 1,219 कंटेनरपैकी 31 मध्ये घातक माल होता आणि कितीतरी कंटेनर नौकानयनाच्या मार्गात तरंगत राहिले. कुलाबा, घारापुरी, उरण, मांडवा, रेवसपर्यंतच्या तिवरांना तेल लागले. नारळी पौर्णिमा यायची होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये विस्डम आणि जुलैअखेरीस पवित अशी दोन जहाजे जुहूला वाहत आली, आणि 4 ऑगस्ट 2011 रोजी 60 हजार टन कोळसा घेऊन रॅक कॅरियर बुडाले. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 100 कोटींच्या भरपाईचा आदेश दिला तो 2016 मध्ये, तोही एका नागरिकाने अर्ज केला म्हणून. तारखा पाहा, 2010 पासूनचे सगळे प्रसंग पावसाळ्यातले आहेत. आता पालघरला वाढवण बंदर होऊ घातले आहे. जून 2024 मध्ये केंद्राने त्याला 76,220 कोटींची मंजुरी दिली. म्हणजे जहाजांची वर्दळ वाढणार, आणि तीही डहाणूसारख्या नाजूक किनाऱ्यापाशी.

जागा हवी असा हट्ट का, ते सांगायला अलास्कात जावे लागते. 24 मार्च 1989 रोजी मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ब्लाय खडकावर चढले. सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन, म्हणजे 4 कोटी लिटरांहून अधिक कच्चे तेल सांडले आणि 2,000 किलोमीटरच्या आसपास किनारा माखला. आदल्याच संध्याकाळी रिकी ऑट या सागरी विषशास्त्रज्ञ बाईंनी व्हॅल्डीझ गावच्या समितीला फोनवरून बजावले होते की मोठी गळती होणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच आहे. ऑटबाई डॉक्टरेट घेऊन कॉर्डोव्हा गावात मासेमारी करत होत्या, मच्छीमार संघटनेत होत्या. ज्ञान होते, इशारा होता, पण तो इशारा मानणे कुणावर बंधनकारक नव्हते.

त्यानंतर जे घडले ते आपल्या कामाचे आहे. कॉर्डोव्हातलेच सागरी सल्लागार रिक स्टायनर, ऑट आणि मच्छीमार यांनी स्कॉटलंडमधल्या शेटलंड बेटांवरच्या सल्लोम व्हो या तेलबंदराचा नमुना पुढे करून नागरिकांच्या परिषदेची मागणी लावून धरली. 1990 च्या अमेरिकी तेलप्रदूषण कायद्यात ती आली. पैसा तेलकंपन्यांचा, पण कारभार मासेमारीची गावे, मूळ रहिवासी आणि पर्यावरणवाले यांचा. परिषद स्वतःचे तज्ज्ञ नेमते, आराखडे तपासते, कंपन्यांना न आवडणारे अहवालही छापते. आज तिथे भरलेल्या टँकरसोबत दोन टगबोटी चालतात आणि सुमारे 400 मासेमारी नौका करारावर आहेत. त्यांना दरवर्षी बूम (पाण्यावर तरंगणारा, तेल अडवणारा पडदा) ओढण्याचे प्रशिक्षण मिळते आणि त्याचे पैसेही मिळतात. हे कुणी आपणहून दिलेले नाही. ऑगस्ट 1993 मध्ये गुलाबी सामन आणि हेरिंग हे दोन्ही मासे हातचे गेल्यावर कॉर्डोव्हाच्या लोकांनी व्हॅल्डीझच्या अरुंद खाडीत बोटी आडव्या घातल्या आणि टँकर अडवून धरले, तेव्हा कुठे परिसंस्थेच्या अभ्यासासाठी निधी सुटला. हेरिंग का कोसळली यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण गळतीआधीची पुरेशी मोजमापे असती तर तो वाद इतका लांबला नसता.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, आराखड्याची. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेत भारतीय तटरक्षक दल समन्वयक आहे. 700 टनांपर्यंतची गळती बंदराने किंवा तेल हाताळणाऱ्या कंपनीने पाहायची, त्यापुढे तटरक्षक दल. पण तेल किनाऱ्याला लागले की साफसफाई राज्याची, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ आणि तहसीलदारांची. समुद्रातल्या कामाला जहाजे आहेत. समुद्र प्रहरी हे प्रदूषण नियंत्रण जहाज चित्राच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखल झाले. किनाऱ्यावरच्या कामाला काय आहे? कोणत्या खाडीच्या तोंडाला किती मीटर बूम, तो कुठल्या गोदामात, किल्ली कुणाकडे, ही यादी करंजा, धरमतर, वसई, दातिवरे इथल्या मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर नाही.

दुसरी बूमची, आणि इथे जरा थांबून सांगावे लागेल. कागदावर ‘बूम उपलब्ध’ लिहिले की काम झाले असे समजले जाते. पण प्रवाहाला काटकोनात लावलेला बूम 0.7 नॉटपर्यंतच (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तेल धरतो. त्याहून ओढ जास्त झाली की तेल बूमच्या पडद्याखालून निसटते, मग बूम कितीही महाग असो. उधाणाला खाडीत 2 नॉटची ओढ असेल तर बूम प्रवाहाशी साधारण 20 अंशांत तिरका लावावा लागतो आणि तेल काठाच्या संथ पाण्यात वळवून तिथे स्किमर (पाण्यावरचे तेल उचलणारे यंत्र) बसवावा लागतो. 200 मीटर रुंद खाडीला मग 200 नव्हे, पावणेसहाशे मीटर बूम लागतो. दर सहा तासांनी ओढ उलटते, भरतीसाठी लावलेला कोन सुकतीला उलटा पडतो, म्हणजे दोन मांडण्या तयार हव्यात. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते. नांगराचा दोर आखूड राहिला तर भरतीला बूम पाण्याखाली ओढला जातो, आणि काठाकडचे टोक ओहोटीला चिखलावर लोळून खाली फट पडते. त्या टोकाला खालच्या नळ्यांत पाणी भरलेला, चिखलावर बसणारा बूम लागतो. कुठे कोन किती, नांगर कुठे धरतो, कुठे खडक आहे, हे त्या खाडीत डोल मारणाऱ्याला पाठ असते. त्याला विचारल्याशिवाय केलेला नकाशा पहिल्याच उधाणाला फसणार.

तिसरी नमुन्यांची. प्रत्येक तेलाचे रासायनिक ठसे असतात. होपेन, स्टेरेन यांसारखी संयुगे उन्हापावसात लवकर मोडत नाहीत, म्हणून किनाऱ्यावरचा गोळा कोणत्या जहाजाचा हे महिन्यानंतरही सांगता येते. जहाजाने इंधन भरताना काढलेला किमान 400 मिलिलिटरचा सीलबंद नमुना आंतरराष्ट्रीय नियमाने किमान 12 महिने जपायचा असतो. म्हणजे तुलनेला दुसरी बाजू आयती मिळते. अडते ते आपल्याकडे. तेल पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरले जाते, प्लॅस्टिकमधली रसायने त्यात उतरतात, बाटली उन्हात राहते, पंचनाम्यात वेळ नसते, आणि असा नमुना न्यायालयात टिकत नाही. हवी ती काळपट काचेची, सॉल्व्हंटने धुतलेली बाटली, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण, 10-20 मिलिलिटर तेल, अक्षांश-रेखांश, वेळ, दोन सह्या, सील आणि 4 अंशांचा थंडपणा. सोबत त्याच किनाऱ्यावरचा तेल न लागलेला एक नमुना. बर्फ तर प्रत्येक मासळी बंदरावर आहे! एका पेटीचा खर्च किरकोळ आहे, आणि ती पेटी बंदराच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा सोसायटीत असावी, कारण तेल पहिल्यांदा पाहतो तो पहाटे जाळे ओढणारा. दर पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या पुळणीवर डांबरगोळे येतात आणि बुलडोझरने पुरले जातात. त्यांचे ठसे नियमित घेतले तर चोरून टाक्या धुणारी जहाजे सापडतील.

चौथी, आधीच्या मोजमापांची. गळती झाल्यावर ‘नुकसान किती’ हे विचारताना आधी काय होते हे ठाऊक हवे. गोव्यातली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, तिचे मुंबई केंद्र, वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था, कांदळवन कक्ष यांच्याकडे अभ्यास आहेत, पण ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी केलेले. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या महिन्यात, चिखल, तिसऱ्या (शिंपल्या) आणि बोंबील यांतली तेलजन्य संयुगे दरवर्षी मोजून आकडे जाहीर करा. अलास्कात खटला चालू असल्याने सरकार आणि कंपनी दोघांचेही नुकसानीचे अभ्यास 1991 च्या तडजोडीपर्यंत गुप्त राहिले. ज्यांचे नुकसान झाले त्यांनाच आकडे मिळाले नाहीत. ते आपल्याकडे होऊ नये.

डिस्पर्संटबद्दल थोडक्यात. ते तेल नाहीसे करत नाही, बारीक थेंब करून पाण्यात उतरवते. खोल समुद्रात, पहिल्या काही तासांत, हलक्या तेलावर त्याचा उपयोग होतो. जहाजाचे जड इंधन मात्र लवकर पाणी पिऊन घट्ट होते, एका टनाचे तीन-चार टन होतात, आणि त्यावर फवारणी वाया जाते. उथळ खाडीच्या तोंडाशी फवारले तर तेच थेंब अंडी-पिलांत आणि डोलीत जातात. डोल प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, जे येईल ते शेवटच्या पिशवीत (खोल्यात) साठवते. तेल असो की प्लॅस्टिकचे दाणे. 2010 च्या मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीत सुमारे 70 लाख लिटर डिस्पर्संट वापरले गेले. ऑट आणि इतरांनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला न्यायालयात खेचले, तेव्हा 2023 मध्ये नियम बदलले. आमचे म्हणणे बंदीचे नाही. कोणते द्रव्य, किती लिटर, कुठल्या खोलीवर, कुणाच्या परवानगीने, हे त्याच दिवशी जाहीर व्हावे.

तिवरांच्या साफसफाईत उत्साहाने जास्त नुकसान होते. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्यांवरच्या छिद्रांतून ती हवा घेतात. तेलाने ती बुजतात. माणसे आत घुसली की बुटांखाली तेल चिखलात खोल जाते, तिथे प्राणवायू नसतो, ते वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणून आत जाणे बंद. भरतीच्या पाण्यात होडीतून, कमी दाबाने, समुद्राचेच थंड पाणी सोडून तेल बाहेर आणायचे आणि कडेला शोषक बूम लावून टिपायचे. जमत नसेल तर हात लावू नये. अलास्कात 60 अंशांच्या गरम पाण्याचे फवारे मारून खडक चकाचक केले गेले, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जे जीव तेलातून वाचले होते त्यांतले कितीतरी त्या पाण्याने मेले. पुळणीवरही जेसीबी नको. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर फावड्याने काढायचा. यंत्राची चाके तेल खाली दाबतात आणि दसपट वाळू घातक कचरा म्हणून तळोजाला वाहावी लागते.

साफ करणाऱ्यांचे काय? जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा विद्यार्थी आणि मच्छीमार बादल्यांनी, कित्येक जण उघड्या हातांनी तेल उपसत होते. सुरुवातीला गळती किरकोळ सांगितली गेली, नंतर आकडा अडीचशे टनांच्या घरात गेला. डिसेंबर 2023 च्या पुरात एन्नोर खाडीत तेल आले, तेव्हाही बोटी घेऊन मच्छीमारच उतरले. ताज्या तेलातून बेंझिनसारख्या वाफा निघतात. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्या अडवत नाही, सेंद्रिय वाफांचे काडतूस असलेला मास्क लागतो आणि काडतूस वेळेवर बदलावे लागते. नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, दर तासाला सावली आणि पाणी. अंगावरचे तेल रॉकेलने पुसायचे नाही, खाद्यतेल आणि साबण वापरायचा. ज्याने एक दिवसही काम केले त्याचे नाव वहीत आणि सहा महिन्यांनी तपासणी.

मासळीबाजाराची गोष्ट सगळ्यांत जिव्हारी लागते. तेलाची बातमी आली की गिऱ्हाईक सगळीच मासळी सोडते, गुजरातहून आलेली सुरमईसुद्धा. मग कुणी अधिकारी ‘मासळी सुरक्षित आहे’ म्हणतो, आकडा देत नाही, लोक विश्वास ठेवत नाहीत. शास्त्र इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पापलेट-बोंबिलासारखे मासे तेलातली संयुगे यकृतात मोडून बाहेर टाकतात, काही आठवड्यांत स्वच्छ होतात. तिसऱ्या, खुबे, कालवे यांना ते नीट जमत नाही, त्यांच्यात तेल कितीतरी जास्त काळ राहते. युरोपात शिंपल्यांसाठी बेंझोपायरीन या तेलजन्य घातक संयुगाची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा सरसकट बंदी आणि सरसकट दिलासा, दोन्ही चूक. जात आणि खाडी सांगून आकडा द्या.

आणि भरपाई. टँकरमधला माल सांडला तर आंतरराष्ट्रीय निधी आहे. मालवाहू जहाजाचे इंधन सांडले तर तो निधी लागू नाही, जहाजमालकाच्या विम्याकडे जावे लागते आणि तिथे जहाजाच्या टनेजप्रमाणे कमाल मर्यादा असते. चित्रा मालवाहूच होते. दाव्याची मुदत नुकसानीपासून तीन वर्षे. पुरावा म्हणून रोजच्या मासळीची नोंद, दलालाची पट्टी, डिझेल आणि बर्फाच्या पावत्या लागतात. आपला हिशेब मात्र बोटीच्या परवान्यावरून मांडण्याची सवय आहे. ओहोटीला तिसऱ्या काढणारी, वलांडीवर (काठ्यांच्या मांडवावर) बोंबील वाळवणारी, टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई त्यात कुठेच नसते. तिच्याकडे परवाना नाही, नुकसान मात्र सर्वांत आधी तिचे. अलास्कात 1994 मध्ये ज्यूरीने 5 अब्ज डॉलरचा दंड ठोठावला, 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सुमारे 50 कोटी डॉलरवर आणला. तोवर कितीतरी दावेदार वारले होते.

आमच्या मागण्या अशा :

1. मुंबई-रायगड, पालघर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा तीन किनारी परिषदा कायद्याने स्थापन करा. निम्म्याहून अधिक जागा मच्छीमार सोसायट्यांना, त्यांत एक तृतीयांश मासळी विकणाऱ्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना. खर्च बंदरातल्या मालावरच्या अल्प शुल्कातून. स्वतःचा शास्त्रज्ञ नेमण्याचा आणि त्याचा अहवाल न विचारता छापण्याचा अधिकार परिषदेला असावा.

2. जिल्ह्यांचे तेलगळती आराखडे मराठीत, नकाशांसह, सर्वांसाठी खुले करा. खाडीनिहाय बूमची लांबी, कोन, नांगराच्या जागा आणि जबाबदार माणसाचा हुद्दा त्यात हवा.

3. प्रत्येक मासळी बंदरावर नमुन्यांची पेटी आणि ती वापरायला शिकलेले चार जण. त्यांचा पंचनामा ग्राह्य धरण्याचे परिपत्रक काढा.

4. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर चिखल, शिंपल्या, मासळी यांची मोजणी. निकाल 30 दिवसांत जाहीर. गळती झाली तर पहिले आकडे 72 तासांत. हैदराबादची इन्कॉइस संस्था तेलाचा तवंग कुठे सरकेल याचा अंदाज देते, तो थेट सोसायट्यांच्या फोनवर यावा.

5. मासेमारी नौकांशी आगाऊ करार : दिवसाचा दर, विमा, प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य ठरवून. साहित्याशिवाय कुणालाही तेलात उतरवू नये.

6. परवाना नसलेल्यांची नोंदणी आत्ताच सुरू करा, म्हणजे दावा लावताना त्यांची नावे शोधत बसावे लागणार नाही.

7. वाढवणसह कोणत्याही नव्या बंदरात पहिले जहाज लागण्याआधी यातल्या 1 ते 5 बाबी पूर्ण झाल्याचे लेखी प्रमाणपत्र त्या परिषदेकडून घेतले जावे.

यावर आम्हाला लेखी उत्तर हवे, मुद्द्यांच्या क्रमाने. जे जमणार नाही त्याचे कारणही द्यावे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी आणि माणसे मोकळी असतात. पहिला सराव त्याच काळात, एखाद्या उधाणाच्या दिवशी, धरमतर किंवा वसईच्या खाडीत घ्या. बोटी आणि माणसे आम्ही देऊ. डिझेल, बूम आणि स्किमर तुम्ही आणा.

कळावे,
किनाऱ्यावरचे काही सागरी जीवशास्त्रज्ञ आणि मच्छीमार